धुण्यासाठी सिमेंटचा हौद बांधताय? आधी उंची ठरवा!

मोरीतल्या दगडापाशी उकिडवं बसून धुणं म्हणजे कंबर-गुडघ्यांची वाट. त्यामुळे हौद उभ्याने वापरता येईल असाच बांधा. काठ किती उंच? घरात धुणं जी व्यक्ती धुते, तिच्या कोपराच्या थोडा खाली. (बहुतेक घरांत ती बाईच असते, पण गवंडी माप विचारतो पुरुषाला!) हौद फार खोल नको, नाहीतर पुन्हा वाकणं आलंच.

तळाला भोकाच्या दिशेने फुटाला साधारण पाव इंच उतार द्या. आतले कोपरे गोलसर ठेवून गिलावा गुळगुळीत घोटून घ्या, साबणाचा थर कमी बसतो.

100 लिटर पाण्याचंच वजन 100 किलो, काँक्रीटचं वेगळं. खाली विटांचा भक्कम आधार हवाच. बांधून झाल्यावर किमान 7 दिवस पाणी मारा. घाई केली तर तडे जातात आणि हौद गळतो.