सुहैली आणि तिचा पठाण

अनंत चतुर्दशीची रात्र सरल्यावर, लालबाग-परळच्या गल्ल्यांतून निघालेल्या मिरवणुका भायखळ्याचा पूल आणि गिरगावातील चाळींच्या गॅलऱ्या मागे टाकून चौपाटीच्या वाळूवर येऊन भरतीची वाट पाहत उभ्या राहतात, आणि अखेरीस ती प्रचंड मूर्ती तराफ्यावर चढवून खोल पाण्याकडे नेली जाते, तेव्हा तिला निरोप देण्यासाठी जमलेल्या लाखो लोकांपैकी फारच थोड्यांच्या मनात असा प्रश्न येत असेल की, इतकी उंच आणि वजनदार वस्तू हलत्या पाण्यावर उभी केली असता ती कलंडत कशी नाही. उत्तर तराफ्याच्या रुंदीत आहे. तराफा एका बाजूस झुकू लागला की ती बाजू पाण्यात अधिक बुडते, तेथे पाण्याचा वर लोटणारा रेटा वाढतो, आणि तराफा पूर्ववत सपाट होतो. मात्र या बंदोबस्ताला एक हद्द आहे. ती ओलांडली गेली म्हणजे तीच रुंदी शत्रूला फितूर होते, कारण उताणा पडलेला तराफा हा सुलट्या तराफ्याइतकाच स्थिर असतो आणि आपण होऊन पुन्हा कधीही उलटत नाही. चौपाटीच्या उथळ पाण्यात, कोळी बांधवांच्या होड्यांच्या पहाऱ्यात, ही हद्द कोणी गाठीत नाही म्हणून बरे.

परंतु ज्याला दक्षिण महासागरात, दोन-तीन मजली लाटांच्या मुलखात, महिनोन्‌महिने एकट्याने राहावयाचे आहे, त्याला रुंदीवर विसंबून चालत नाही. त्याच्या नौकेच्या पोटाखाली, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणारा, खाली शिसे किंवा लोखंड लावून जड केलेला एक कणा असावा लागतो. त्याला इंग्रजीत कील म्हणतात; आपल्या किनाऱ्यावरचे नावा बांधणारे सुतार त्याला पठाण म्हणतात. (या शब्दाचा काबूलकडील मंडळींशी काही संबंध आहे की काय, याचा निवाडा व्युत्पत्तिशास्त्रज्ञांनी करावा, आमचे काम नुसत्या लाकडाशी आहे.) आजच्या लेखाचा विषय असलेली जागतिक शर्यत ही एका अर्थी या पठाणाचीच शर्यत आहे, आणि तिचा पहिला विजेता पठाण आपल्या मुंबईत, कुलाब्याला, घडविला गेला होता, ही गोष्ट मुंबईकरांना फारशी ठाऊक नसते.

सन 1963च्या सुमारास ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मुंबई ते इराणी आखात अशा फेऱ्या करणाऱ्या जहाजांवर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी नोकरीस होता. स्वतःच्या मालकीची एक लहान शिडाची नौका बांधून तिच्यातूनच मायदेशी परतावे, अशी तजवीज त्याने केली. त्यासाठी जो आराखडा त्याने मागविला तो पाठविणाऱ्यांच्या चुकीने भलताच, जुन्या धाटणीचा आला. परंतु वेळ दवडण्यापेक्षा त्याच आराखड्यावर त्याने काम सुरू करविले. कुलाब्याच्या कारखान्यात सागवानी फळ्या आल्या. वाकसाने लाकूड तासणारे आणि दोरीच्या धनुकलीने फिरणाऱ्या सामत्याने भोके पाडणारे सुतार आले, आणि 1965च्या आत बत्तीस फुटांची, दोन डोलकाठ्यांची, बसक्या अंगलटीची एक नौका तयार झाली. आखातातील अरब दर्यावर्दी एका वाऱ्याला ज्या नावाने ओळखतात ते ‘सुहैली’ हे नाव तिला मिळाले. सुहैल हे अरबीत एका ताऱ्याचे नाव, आणि तो तारा म्हणजे आपला अगस्ती. ज्या ऋषीने एका आचमनात समुद्र पिऊन टाकला त्याचे नाव नौकेला देणे शुभ की अशुभ, याविषयी एखाद्या जुन्या पंचांगकर्त्याचे मत घेण्यासारखे होते खरे.

सागवानाची निवड ही निव्वळ सोयीची बाब नव्हती. विलायती ओक लाकडात टॅनिक आम्ल असते, ते लोखंडी खिळ्यांना आणि बोल्टांना हळूहळू खाऊन टाकते. सागवानात ते जवळजवळ नसते, उलट त्यातील तेलकट द्रव्ये पाणी आणि लाकूड पोखरणारे सागरी किडे या दोहोंनाही थोपवून धरतात. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध करून दाखविली होती. 1817 साली येथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर तरंगते आहे, याहून मोठा दाखला काय हवा?

मार्च 1968मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने एक जाहीरनामा काढला. एकट्या माणसाने, कोठेही न थांबता, कोणाची मदत न घेता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. प्रथम परतणाऱ्यास ‘गोल्डन ग्लोब’ हा सोनेरी गोल, आणि सर्वांत कमी दिवसांत फेरी पुरी करणाऱ्यास पाच हजार पौंड. निघण्याची मुदत 1 जूनपासून 31 ऑक्टोबरपर्यंत, पुढे ज्याचे त्याने पाहावे. नऊ जण निघाले. त्यांच्या नौकांकडे पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे ती शर्यत म्हणजे एक प्रचंड प्रयोगशाळाच होती असे वाटू लागते. दोघांच्या नौकांना एका पठाणाऐवजी शेजारी शेजारी दोन आखूड पठाण होते. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, ओहोटीच्या वेळी चिखलावर सरळ उभे राहण्यास ते उत्तम, परंतु महासागरात त्यांचा निभाव लागला नाही आणि दोघांनीही माघार घेतली. आणखी दोघांच्या नौका तीन पोटांच्या, म्हणजे जवळजवळ तराफ्याच्या तत्त्वावरच्या, वेगवान परंतु पठाणाविना. त्यांपैकी नायजेल टेटली याची नौका शर्यत जवळजवळ संपत आली असता अटलांटिकमध्ये फुटून बुडाली. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा अटलांटिकमध्येच घोटाळत राहून आपण जगाची फेरी करीत असल्याच्या खोट्या नोंदी करीत गेला, आणि जुलै 1969मध्ये त्याची नौका निर्मनुष्य सापडली. बर्नार्ड म्वातेस्ये या फ्रेंच खलाशाची पोलादी ‘जोशुआ’ केप हॉर्नला वळसा घालून जिंकण्याच्या बेतात असता त्याला शर्यतीचाच वीट आला आणि तो तसाच पुढे ताहितीला निघून गेला. ‘जोशुआ’चा पठाणही लांब होता, हे येथे नमूद करून ठेवितो.

राहिली ‘सुहैली’. 14 जून 1968ला ती फाल्मथहून निघाली. पहिल्या काही आठवड्यांतच पठाणाजवळच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने भर समुद्रात पाण्याखाली उतरून त्या भेगेवर डांबरात भिजविलेली कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याची पट्टी चुका मारून बसविली. त्या कामात व्यत्यय आणणाऱ्या एका शार्कला त्याला बंदुकीने मारावे लागले. पुढे बिनतारी यंत्र बंद पडले. ऑस्ट्रेलियापाशी येईतो आपोआप सुकाणू धरणारे यंत्रही मोडून गेले. येथून पुढचा, अर्ध्या पृथ्वीचा, प्रवास या नौकेने जवळजवळ स्वतःच्या अकलेने केला, असे म्हणावे लागते.

ही अक्कल म्हणजे काय? ओला चिंचोका दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबला असता तो बोटांच्या दिशेने न जाता पुढे सुटतो, हा खेळ आपण सर्वांनीच लहानपणी खेळलेला असतो. शिडाची नौका वाऱ्याच्या तिरकस तोंडावर चालते ती या चिंचोक्याप्रमाणेच: एक बोट वाऱ्याचे, ते शिडावर दाबते, दुसरे पाण्याचे, ते पठाणाच्या कुशीवर दाबते. पठाण नसेल तर दुसरे बोटच नाही, आणि नौका वाऱ्यासरशी नुसती आडवी वाहत जाईल. सूक्ष्म विचार केला तर पठाण हा पाण्यातला एक पंखच आहे. नौका किंचित तिरकी, तीन-चार अंशांनी आडवी सरकत चालते, त्यामुळे पठाणाच्या दोन कुशींवरील दाबांत फरक पडतो, आणि विमानाच्या पंखाला जो आधार वरच्या दिशेने मिळतो तोच येथे बाजूने मिळतो.

पंख म्हणून पाहिले तर मात्र ‘सुहैली’चा पठाण अगदीच सामान्य. आधुनिक नौकांना खोल, अरुंद, विमानाच्या पंखासारखा पठाण असतो, त्याच्या टोकाला शिशाचा गोळा. तो वेग देतो, चपळता देतो आणि चटकन वळतो. लांब पठाण पाण्याशी अधिक घर्षण करतो, मंद वाऱ्यात रेंगाळतो आणि वळताना आढेवेढे घेतो. पण ज्या गुणामुळे तो वळत नाही त्याच गुणामुळे तो भरकटतही नाही. बाणाच्या शेपटाला लावलेली पिसे जसा त्याचा रोख कायम राखतात, तसा नौकेच्या पोटाखाली लांबवर पसरलेला हा कणा लाटांच्या धक्क्यांनी सहजासहजी दिशा सोडीत नाही. मागची-पुढची शिडे योग्य प्रमाणात ताणून बांधली की नौका आपला मार्ग आपण धरते, आणि नावाडी खाली जाऊन झोपू शकतो.

वेगाविषयी फार आशा बाळगू नये. पोटाने पाणी कापीत जाणारी नौका स्वतःच उठविलेल्या लाटेच्या कैदेत असते, आणि ती लाट नौकेच्या लांबीएवढी झाली की पुढे चढ लागतो. पाण्याच्या रेषेवरील फुटांतल्या लांबीचे वर्गमूळ काढून त्यास 1.34ने गुणावे, म्हणजे नॉटमध्ये कमाल वेग मिळतो, असा ठोकताळा आहे. ‘सुहैली’च्या पाण्याच्या रेषेवरील 28 फुटांस तो सुमारे सात नॉट पडतो. ‘सुहैली’ने प्रत्यक्षात सुमारे तीस हजार सागरी मैल 312 दिवसांत काटले, म्हणजे सरासरी अवघी चार नॉट, धावणाऱ्या मुलाच्याही मागे पडेल अशी. 22 एप्रिल 1969ला ती फाल्मथला परतली. नऊ जणांत शर्यत पुरी करणारा एकटा नॉक्स-जॉन्स्टनच असल्यामुळे दोन्ही बक्षिसे त्याच्याकडे आली, आणि त्यांतील पाच हजार पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबास देऊन टाकले.

या शर्यतीला पन्नास वर्षे झाली तेव्हा 2018मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ या नावानेच ती पुन्हा सुरू झाली. तिच्या नियमावलीतील शर्ती वाचल्या की कुलाब्याच्या त्या अनामिक सुतारांच्या कामाला जणू कायद्याचे रूप आले आहे, असे वाटते: नौका 32 ते 36 फुटांची, तिचा आराखडा 1988पूर्वीचा, पठाण पूर्ण लांबीचा आणि सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला जोडलेले, दिशा उपग्रहांवरून नव्हे तर सेक्स्टंटने तारे मोजून काढावयाची. त्या वर्षी आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी जी ‘तुरीया’ घेऊन निघाले ती ‘सुहैली’चीच प्रतिकृती होती, आणि ती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अॅक्वेरियस शिपयार्डात बांधली गेली होती. याच शिपयार्डात पूर्वी तयार झालेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी 2009-10मध्ये मुंबईहून निघून मुंबईस परतणारी, एकट्या भारतीयाची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, टॉमी यांनी स्वतः तीच नौका 2012-13मध्ये कोठेही न थांबता फिरवून आणली होती.

21 सप्टेंबर 2018ला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ‘तुरीया’ उलटली. पठाणाच्या वजनाने आपले काम चोख बजावले, आणि ती पुन्हा सरळ झाली. पण डोलकाठ्या गेल्या, आणि टॉमींच्या पाठीच्या मणक्यांना जबर दुखापत झाली. नौकेचा कणा शाबूत आणि नावाड्याचा मोडलेला, असा तो प्रसंग. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलले. पाठीत टायटॅनियम बसवून घेतलेला हा माणूस 2022मध्ये पुन्हा त्याच शर्यतीत उतरला, आणि 29 एप्रिल 2023ला दुसरा आला. पहिली आलेली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर ही त्याच्या दोन दिवस आधी पोहोचली होती. निघालेल्या सोळांपैकी नियमाबरहुकूम शर्यत पुरी करणारे तिघेच.

आता कोणी विचारील, ‘वांदे ग्लोब’ शर्यतीत 2025च्या जानेवारीत शार्ली दालँ याने अवघ्या 64 दिवसांत हीच प्रदक्षिणा केली असता, 235 दिवस लावणाऱ्या नौकांचे कौतुक कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पण त्याच ‘वांदे ग्लोब’मध्ये 1997च्या जानेवारीत टोनी बुलिमोर याच्या नौकेचा अरुंद, खोल पठाण तुटून गेला होता, नौका क्षणार्धात उताणी पडली होती आणि ऑस्ट्रेलियन आरमाराचे जहाज येईपर्यंत तो त्या उलट्या पोटात, गोठविणाऱ्या पाण्यात आणि अंधारात चार दिवस अडकून पडला होता. अरुंद पठाण हा जोडलेला अवयव आहे. लांब पठाण हा नौकेच्या देहाचाच भाग. माझे मत विचाराल तर पन्नास वर्षांच्या अभियांत्रिकीने वेग कमावला, पण खात्री नव्हे, आणि ज्याला एकट्याने जावयाचे आहे त्याने हा जमाखर्च आधी मांडावा.

फेब्रुवारीच्या मध्यास, रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास, गिरगाव चौपाटीच्या वाळूवर उभे राहून पाण्यापलीकडे दक्षिणेकडे पाहा. हात ताठ करून धरलेल्या एका वितीहून किंचित कमी उंचीवर जो ठळक पांढरा तारा एकटा दिसेल तो अगस्ती, अरबांचा सुहैल. त्याच्या बरोबर खाली, इमारतींच्या दिव्यांमागे, कुलाबा आहे.