मधल्या नटाला हात लावू नका: एसयूव्हीचे स्ट्रट बदलताना

मागच्या वेळी आपण ब्रेकबद्दल बोललो, आणि बाहेर पडताना दोन-तीन जणांनी एकच विचारलं: गाडी ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर झाली, गॅरेजवाला म्हणतोय पुढचे शॉकअप गेले, बदलायचे का? एकाने तर विचारलं, घरी बदलता येतील का? म्हणून आज हा विषय घेतलाय.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. पण झेललेलं ती ठेवून घेत नाही, परत देते. स्प्रिंग एकटीच असती तर एका खड्ड्यानंतर गाडी पाळण्यासारखी हलत राहिली असती. ते हेलकावे मारण्याचं काम आतल्या डँपरचं. त्यात तेल बारीक वाटांमधून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते. म्हणजे ज्याला आपण शॉक अॅब्सॉर्बर म्हणतो तो धक्का शोषतच नाही. तो स्प्रिंगचा थयथयाट शोषतो.

मग स्ट्रट म्हणजे काय? अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने अशी मांडणी केली की डँपर हाच चाकाला वरून धरणारा खांब झाला. १९५० साली आलेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती होती. आपल्याकडे २०१२ मध्ये आलेली डस्टर घ्या, क्रेटा घ्या, पुढच्या चाकांना हीच पद्धत आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ यांची पुढची रचना वेगळी, त्यांना आज बाजूला ठेवू. लक्षात ठेवायचं ते एवढंच की इथे डँपर सुटा काढता येत नाही. तो खांब आहे, त्याच्यावर स्प्रिंग दाबून बसवलेली आहे, आणि चाकाचा कोनही त्याच्यावरच अवलंबून आहे.

आता, गेलाय हे ओळखायचं कसं? बॉनेट दाबून सोडायची आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही जुनी चाचणी. डँपर पूर्ण मेला असेल तर ती सांगते. अर्धा मेला असेल तर गप्प राहते, कारण हाताने आपण गाडीचं अंग हलवतो, ते सेकंदाला एक-दीड वेळा हलतं. रस्त्यावर चाक स्वतः सेकंदाला दहा-पंधरा वेळा नाचत असतं, ते हाताने कळत नाही. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. रबर ठिकठिकाणी वाटीसारखं खोल झिजलं असेल तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये, अशी दाट शंका घ्यावी. ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं का, घाटात वळणावर खडबडीत डांबर आलं की गाडी बाहेर सरकल्यासारखी वाटते का, हे बघा. जे चाक क्षणभर हवेत आहे त्याला ब्रेक लागून उपयोग काय? एबीएस असलं तरी पकड रस्त्याकडूनच यायची.

तेलाचं म्हणाल तर स्ट्रटवर धुळीचा ओलसर थर दिसला म्हणून लगेच घाबरू नका, सील थोडं पाझरतंच. ओघळ खालपर्यंत आला असेल तर मात्र गेला.

आणि नुसता आवाज येतो म्हणून स्ट्रट बदलू नका! बारीक खड्ड्यांवर खट-खट वाजतं ते बरेचदा लिंक रॉड असतं. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना कुरकुर किंवा टंग असा आवाज आला तर वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग बघा. स्ट्रटची जोडी घालून पैसे गेले आणि आवाज तसाच राहिला, अशी गाडी आमच्याकडे नेहमी येते.

बरं, काम. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर घ्यायची. चाक काढायचं. लिंक रॉड सोडायचा, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या पट्टीतून मोकळी करायची. खालचे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर खूण करा. बोल्ट निघाले की चाकाचा हब बाहेर कलंडतो, तेव्हा तो तारेने बांधून ठेवा. नाहीतर सगळं वजन ब्रेकच्या पाइपवर येतं, किंवा ड्राइव्ह शाफ्ट आतल्या बाजूने निसटतो. मग बॉनेटखाली जाऊन वरच्या माउंटिंगचे कडेचे नट सोडायचे, खालून दुसऱ्याने स्ट्रट धरायचा. कडेचे. मधला नाही.

मधला नट का नाही, ते हिशोबानेच पाहू. समजा स्प्रिंग अशी आहे की तिला १ मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन लागतात, आणि ती १५० मिलिमीटर दाबली आहे. जोर झाला ३७५० न्यूटन, म्हणजे साधारण ३८० किलोचं वजन. साठलेली ऊर्जा सुमारे २८० ज्यूल. दहा किलोची पिठाची पिशवी जवळजवळ तीन मीटरवरून डोक्यात पडावी, तेवढी. ती सगळी तो एक नट अडवून धरतो.

म्हणून स्ट्रट बाहेर आल्यावर आधी स्प्रिंग कंप्रेसर लावायचा. दोन्ही बाजूंना समोरासमोर, थोडं इकडे थोडं तिकडे असं आवळत. स्प्रिंग वरच्या ताटलीपासून सैल झाली, हाताने हलू लागली, की मगच मधला नट. आमच्याकडे एकदा कंप्रेसरचा आकडा तेलकट वेटोळ्यावरून घसरला. मुलगा बाजूला उभा होता म्हणून वाचला. वरची ताटली पत्र्याच्या कपाटात खड्डा पाडून गेली. तेव्हापासून वेटोळी पुसल्याशिवाय कंप्रेसर लावत नाही, आणि तोंड कधीच स्ट्रटच्या रेषेत ठेवत नाही. ज्याच्याकडे चांगला कंप्रेसर नाही त्याने हे घरी करू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. स्ट्रट काढून आणा, स्प्रिंगचं काम गॅरेजमध्ये करून घ्या.

नट फिरताना आतला दांडा सोबत फिरतो. म्हणून काहीजण त्या चकचकीत दांड्याला पक्कड लावतात. तिथे ओरखडा पडला की तो प्रत्येक हेलकाव्याला सील कापतो, नवा स्ट्रट काही दिवसांत गळू लागतो. दांड्याच्या टोकाला अॅलन कीची किंवा पान्याची जागा असते, तिथेच धरायचं.

नवा स्ट्रट बॉक्समध्ये आडवा पडलेला असतो, त्यामुळे हवा जागा सोडून बसलेली असते. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा, पूर्ण सोडा. स्प्रिंगचं टोक खालच्या ताटलीतल्या खाचेला टेकलंय ना बघा. माउंटिंग, बेअरिंग, बंपस्टॉप, रबरी बूट त्याच वेळी नवे घाला, कारण पुन्हा उघडायचं म्हणजे तीच मजुरी. नट किती आवळायचा तो आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. लोअर आर्मचा बोल्ट सोडला असेल तर तो गाडी चाकांवर उभी असताना आवळा; लटकत्या अवस्थेत आवळला तर बुश कायम पीळ घेऊन बसतो आणि लवकर फाटतो.

आणि अलाइनमेंट. बोल्टच्या भोकात थोडी मोकळीक असते, तेवढ्याने चाकाचा कोन बदलतो. खूण केली होती तरी मशीनवर न्याच.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय: एकच गळतोय, एकच बदलला तर? अपघातात वाकलेला असेल आणि दुसरा अलीकडचाच असेल तर चालेल. एरवी जोडी बदला. एक बाजू घट्ट आणि एक सैल असली की ब्रेक मारताना खडबडीत रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते, आणि दुसरा तेवढाच चाललेला असतो, तोही काही महिन्यांत गळायला लागतो.