श्रीताडाची बी

लहान मुलांस दृष्ट लागूं नये म्हणून त्यांच्या गळ्यांत पूर्वीं एक टणक, वाटोळा मणी बांधीत. त्यास बजरबट्टू म्हणत. गिरगांवांतील जुन्या घरांना हें नांव ठाऊक असेल. पण हा मणी म्हणजे एका प्रचंड वृक्षाची बी होय, हें थोड्यांनाच माहीत असतें. त्या वृक्षाचें नांव श्रीताड. मलबार व सिंहलद्वीप हें त्याचें माहेर. त्याचें एकेक पान ५ मीटरपर्यंत रुंद होतें. त्याच्या छत्र्या होत आणि त्यावर पोथ्याहि लिहीत. ३० ते ८० वर्षें वाढल्यावर त्यास शेंड्यावर एकदांच मोहोर येतो, फळें पिकण्यास सुमारें वर्ष लागतें, आणि मग झाड मरतें.

दादरच्या एखाद्या गॅलरींतील कुंडींतहि ही बी रुजूं शकते. मात्र बी ताजी हवी. गळ्यांतला जुना, भोंक पाडलेला मणी पेरून कोणीं वाट पाहूं नये! बिरड्यासाठीं भिजविलेल्या वालांना एकदोन दिवसांत मोड येतात; श्रीताड महिनेच्या महिने गप्प असतो. पण तो स्वस्थ बसलेला नसतो. त्याच्या बींतून प्रथम एक जाड देंठ निघतो व तो वर न येतां सरळ खालीं जातो. कोवळें रोप तयार होतें तें या देंठाच्या टोंकाशीं, जमिनीच्या पोटांत; तेथून मूळ आणखी खालीं उतरतें आणि पहिलें पान वर येतें. बींतील सारें अन्न या देंठांतूनच रोपास पोंचतें. म्हणून कुंडी हातभर तरी खोल असावी, आणि बी रुजली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं माती उकरण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. देंठ तुटला कीं रोप उपाशीं मरतें.

खरी अडचण ही बी घाटावर नेली म्हणजे सुरू होते. जानेवारींत कुलाब्यास पहांटेचें सरासरी उष्णतामान १९ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असतें, पुण्यास तें ११ च्या आसपास उतरतें. गार मातींत बींतील अन्न विरघळण्याचें काम मंदावतें. त्यांत पाणी सांचलें तर बी कुजते. इंग्लंडांत क्यू येथें ताडवर्गासाठीं १८४४ ते १८४८ या काळांत लोखंड व कांच यांचें प्रचंड घर उभारून तें तापविण्याची सोय केली. आपणांस इतक्या थाटाची गरज नाहीं. बी वैशाखांत पेरावी, म्हणजे थंडीपूर्वीं पहिलें पान निघण्यास अवधि मिळतो. मार्गशीर्षापासून पाणी कमी करावें, कुंडी फरशीवर न ठेवतां लांकडी फळीवर ठेवावी, दिवसां उन्हाच्या भिंतीशीं व रात्रीं घरांत.

पुढें कित्येक वर्षें खोड दिसतच नाहीं. पानें मात्र मोठीं होत जातात. शेवटीं मोकळी जमीन हवीच. परळ-लालबागच्या चाळींत ती कोठून आणावी? गांवच्या परसांत, भिंतीपासून दूर लावावें. आणि पेरल्याचें वर्ष घरच्या वहींत टिपून ठेवावें. ताडाच्या बुंध्यांत वर्षागणिक वलयें पडत नाहींत. नातवंडांच्या काळीं मोहोर आलाच, तर झाडाचें वय त्या वहीवरूनच कळेल.