खेळ कुणाचा, नाव कुणाचं?

खेळाची कल्पना आधी सुचली की ती आपल्या मालकीची झाली, असा मोबाइल गेम बनवणाऱ्या अनेकांचा समज असतो. कायदा तसं मानत नाही. कॉपीराइट (स्वामित्वहक्क) कल्पनेला वा नियमांना नसतो. तो कोड, चित्रं, संगीत यांना असतो आणि नोंदणीशिवायही लागू होतो. ट्रेडमार्क (व्यापारचिन्ह) नाव आणि लोगो राखतो.

नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगावला (श्यामजी पंत) कुणीही ढाबा काढून झुणका-भाकर विकावी. शेजारच्या चालत्या ढाब्याचं नाव मात्र आपल्या पाटीवर रंगवता येत नाही.

कोलकात्याच्या अगरवाला बंधूंच्या ‘स्क्रॅब्युलस’ या ‘स्क्रॅबल’सारख्या ऑनलाइन शब्दखेळाच्या खटल्यात नेमकं हेच घडलं. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात ‘स्क्रॅबल’च्या पटावरचा कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही, पण मिळतंजुळतं नाव वापरायला मनाई केली. बंधूंनी मग ‘लेक्स्युलस’ नाव घेतलं.

‘लुडो किंग’ हा आपल्याकडचाच, नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा. लुडो आला पच्चिसीतून, म्हणून तसा खेळ दुसऱ्यानेही खुशाल करावा; गेमेशनचं नाव, चित्रं वा कोड उचलू नये, इतकंच.

ट्रेडमार्क नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज ऑनलाइन भरता येतो. त्यासाठी वर्ध्याहून मुंबई गाठावी लागत नाही.