रुमाल, कागद आणि यंत्रवाचक : नगर जिल्ह्याच्या इतिहाससाधनांच्या निमित्ताने

संशोधकास साधने मिळत नाहीत ही तक्रार जुनी आहे. साधने इतकी मिळतात की ती वाचून होत नाहीत, ही तक्रार त्या मानाने नवी समजली जाते. परंतु मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ह्या दुसऱ्या अडचणीचा परिचय फार पूर्वीच झालेला आहे. १८१८ साली पेशवाई संपली आणि तिची दप्तरे इंग्रजांच्या ताब्यात गेली. पुढे १८५२ पासून इनाम कमिशनच्या कामाच्या निमित्ताने त्यांत आणखी कागदांची भर पडली. पुण्याचे पेशवे दप्तर म्हणतात ते हे. कापडी रुमालांत बांधलेल्या ह्या मोडी कागदांचे गठ्ठे तीस हजारांच्या वर भरतात. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून वेचे निवडले आणि १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. एका माणसाच्या देखरेखीखाली झालेले हे काम आजही थक्क करणारे आहे. तथापि ती निवड होती. तिचा कल मुख्यतः राजकीय घडामोडींकडे होता. सामाजिक आणि आर्थिक विषयांस काही खंड मिळाले, तरी गावोगावचे हिशेब, ताळेबंद, झडत्या यांचा बहुतेक भाग रुमालातच राहिला. एखाद्या परगण्यात दुष्काळाच्या वर्षी वसुलीची सूट किती दिली गेली, हे ज्यास हवे त्यास छापील खंड फार थोडे सांगतात.

ग्रंथबाहुल्याचा प्रश्न अर्थातच केवळ इतिहासाचा नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक १६६५ साली सुरू झाले तेव्हा एका विद्वानास आपल्या विषयातील सर्व लेखन वाचणे शक्य होते. १९६३ साली डेरेक प्राइस यांनी विज्ञानाच्या वाढीचा हिशेब मांडला, त्यानुसार शास्त्रीय वाङ्मय दर दहा ते पंधरा वर्षांनी दुप्पट होत होते. सारसंग्रह, सूची, कोश ही साधने ह्या वाढीवरचे उपाय म्हणूनच निर्माण झाली. १८८४ साली मुंबई गॅझेटियरचा सतरावा खंड निघाला, त्यात अहमदनगर जिल्ह्याची जमीन, पिके, जाती, व्यापार, इतिहास हे सर्व एका जिल्दीत बसविले होते. आता तेच करावयाचे म्हटल्यास एकट्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील संशोधनासाठीच कपाट लागेल.

अशा वेळी वाचनाचे काम संगणकाकडे सोपवावे, हा विचार स्वाभाविक आहे आणि तो अगदी नवाही नाही. रोबेर्तो बूसा ह्या इटालियन पाद्र्याने संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनाची शब्दसूची यंत्राच्या साहाय्याने करण्याचे काम १९४९ च्या सुमारास हाती घेतले आणि ते तीस वर्षे चालले. त्या यंत्रास लॅटिन कळत नव्हते. ते शब्द मोजीत होते आणि त्यांची ठिकाणे दाखवीत होते. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता ह्याहून पुष्कळ पुढे गेली आहे. ती चित्रावरून अक्षर ओळखते, लिप्यंतर करते, सारांश देते, विचारलेल्या प्रश्नास सलग उत्तर देते. मोडीपुरते बोलावयाचे तर २०२५ मध्ये रुरकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने दोन हजारांवर मोडी पृष्ठांची चित्रे आणि त्यांची देवनागरी लिप्यंतरे यांचा संच प्रसिद्ध झाला, आणि त्यावर यंत्रास शिकविण्याचे प्रयत्न सुरू आहेत. कोट्यवधी कागदांपुढे दोन हजार पृष्ठे हा आरंभच म्हणावयाचा.

मोडी वाचणे यंत्रास कठीण का, हे पाहण्याजोगे आहे. मोडीत आधी ओळीभर शिरोरेघ ओढून मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे लिहीत. शब्द तोडीत नसत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसत. संक्षेप तर पावलोपावली येतात. त्यातून सरावलेल्या कारकुनाचे वळण आणि घाईतल्या शिलेदाराचे वळण यांत महदंतर. त्यानंतर येतो कालनिर्णय. जामखेड तालुक्यातील खर्डे येथे मार्च १७९५ मध्ये पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. त्या काळच्या कागदावर शुहूर सन ‘खमस तिसैन मया व अलफ’ असा येईल, म्हणजे ११९५. ‘खमस’ म्हणजे पाच, ‘खमसैन’ म्हणजे पन्नास. ‘तिसैन’ नव्वद, ‘सबैन’ सत्तर. एका शब्दाच्या गैरवाचनाने कागद वीस वर्षे मागे सरकतो आणि खर्ड्याच्या मोहिमेची रसद बारभाईंच्या कारभारात जाऊन पडते.

स्थलनामांची अडचण ह्याहून सूक्ष्म आहे. मलिक अहमद निजामशहाने १४९० च्या सुमारास वसविलेल्या शहराचे नाव मराठी कागदांत पुष्कळदा ‘अमदानगर’ असे येते, लोकांच्या तोंडी नुसते ‘नगर’ असते, इंग्रजी कागदांत त्याची वर्णरचना दशकागणिक बदलते, आणि २०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. केवळ एका रूपाने शोध घेणाऱ्यास साधनांचा मोठा भाग दिसणारच नाही. आणि न दिसलेले नाहीच, असा समज करून घेणे सोपे असते. उलट ‘नगर’ एवढ्याच शब्दाने शोधल्यास भलत्याच शहरांचे कागद समोर येऊन पडतात. ही सर्व रूपे एकाच स्थळाची आहेत आणि कोठे ती नाहीत, हे संदर्भावरून ठरविण्यात आजचे यंत्र खरोखर उपयोगी पडते. सरदेसायांच्या निवडीबाहेर राहिलेल्या रुमालांतून एका परगण्याचे सर्व कागद एकत्र काढता आले, तर ती निवड शंभर वर्षांनी पुन्हा खुली होईल. यंत्राकडून अपेक्षा करावयाची ती मुख्यतः ही.

धोका दुसऱ्या बाजूने आहे. ही यंत्रे अमाप मजकुरावरून शिकलेली असतात, आणि कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, ह्या अंदाजावर ती चालतात. कागद फाटला, शाई उडाली, अक्षर अस्पष्ट झाले की यंत्र तेथे संभाव्य शब्द घालते, आणि तो इतक्या सफाईने घालते की सांधा दिसत नाही. इतिहासाचे मोल मात्र पुष्कळदा असंभाव्य शब्दातच असते : अनोळखी आडनाव, नेहमीपेक्षा वेगळी रक्कम, एरवी न आढळणारी पट्टी.

हा दोष लेखनिकांचाही होता, आणि त्याचा ठळक दाखला नगर जिल्ह्यातलाच आहे. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्या नकला होत गेल्या तसे जुने शब्द न कळणाऱ्यांनी त्यांच्या जागी परिचित शब्द बसविले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठशुद्धी केली ती ह्याच कारणाने, आणि पाठात स्वतःची ओवी घालू नये असे पुढील लेखकांस बजावूनही ठेवले. पाठचिकित्सेत दोन पाठांपैकी अवघड पाठ अधिक जुना मानण्याकडे कल असतो तो ह्यामुळेच. आजचे यंत्र स्वभावतः सोप्या पाठाकडे झुकते. नेवाशाच्या भाषेचा अभ्यासक आणि यंत्र यांची दिशा येथे अगदी विरुद्ध होते.

दुय्यम वाङ्मयाच्या सारांशांविषयीही असेच म्हणता येईल. शंभर निबंधांचा गोषवारा यंत्र क्षणात देते. त्यात बहुमत उमटते, आणि एकट्याच निबंधातला विरोधी पुरावा गळून जाण्याचा संभव असतो. अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे हवाले यंत्राने दिल्याची उदाहरणे तर आता सर्वांच्या परिचयाची आहेत. हवाला पुस्तक उघडून तपासावा, हा जुनाच नियम. विद्यार्थी तो पाळीत नसत, एवढेच.

मोडीच्या बाबतीत उपाय करता येण्यासारखा आहे. यंत्राने केलेल्या लिप्यंतराच्या प्रत्येक ओळीशी मूळ कागदाचे चित्र जोडलेले असावे; संशयित अक्षरे कंसात असावीत; जेथे कागदच नाही तेथे रिकामी जागा असावी. रिकामी जागा सोडणे हे यंत्रास मुद्दाम शिकवावे लागते, आणि ते शिकविण्यासाठी मूळ अक्षर वाचणारा माणूस लागतो. मोडी शाळांतून गेली त्यास आता दोन पिढ्यांहून अधिक काळ झाला. पुण्याच्या रुमालांप्रमाणेच नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातील कागद आणि जिल्ह्यातील जुन्या वाड्यांतली खाजगी दप्तरेही वाचकांची वाट पाहत आहेत. ती उद्या यंत्रापुढे ठेवली, तर यंत्राचे वाचन तपासावयास प्रत्येक तालुक्यात निदान एक मोडी जाणणारा पदव्युत्तर विद्यार्थी तयार असावा लागेल. त्याची तयारी वर्षादोन वर्षांच्या सरावाने होते, आणि सरावास कागद आपल्याच तालुक्यातले घेता येतात.