सरहद्द, घडणावळ आणि हमी : वडवणीतून पाहिलेला भांड्यांचा थेट व्यापार

दुकानाचा गाळा मध्ये न आणता विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जाऊन, ओळखीच्या आधारावर आणि बहुधा प्रात्यक्षिक दाखवून केलेल्या विक्रीला थेट विक्री म्हणतात. भारतात या व्यवहाराला स्वतंत्र कायदेशीर चौकट २०२१च्या अखेरीस मिळाली; व्यवहार मात्र त्याहून फार जुना आहे, आणि स्वयंपाकघरातील भांडी हा त्याचा सर्वांत टिकाऊ माल ठरलेला आहे. हीच भांडी जेव्हा एका राज्यसत्तेच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत विकली जातात, तेव्हा वस्तू पलीकडे पोहोचते, विकणाऱ्या-घेणाऱ्यांतील ओळखही पोहोचते, पण वस्तूबद्दलची जबाबदारी पोहोचतेच असे नाही. बीड–परळी रस्त्यावरील वडवणी या तालुक्याच्या गावातून हा प्रश्न पाहणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल, कारण आजच्या नकाशावर कोणतीही आंतरराष्ट्रीय सीमा तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे. परंतु ही दूरता १९४८ नंतरची आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पश्चिमेकडील अहमदनगर जिल्हा ब्रिटिश मुलखात होता. दोन्हींच्या मधल्या हद्दीवर संस्थानचे जकात नाके होते. हे नाके चालवणाऱ्या खात्याला करोडगिरी म्हणत आणि मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘करोडगिरी नाका’ हा शब्द बराच काळ टिकून राहिला. ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यातील १८०२च्या व्यापारी तहाने ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या मालावरील जकात किमतीच्या पाच टक्क्यांवर बांधली होती. चलनही वेगळे होते: संस्थानात हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार म्हणजे ब्रिटिश रुपया, आणि साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा विनिमयाचा हिशेब असे. कायद्याच्या काटेकोर भाषेत ही आंतरराष्ट्रीय सीमा नव्हती, कारण संस्थान ब्रिटिशांच्या सार्वभौमत्वाखाली होते. मात्र १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत, जेव्हा निजाम स्वतंत्र राहण्याचा दावा करीत होता आणि २९ नोव्हेंबर १९४७च्या ‘जैसे थे’ करारावर दोन्ही बाजू कशाबशा उभ्या होत्या, तेव्हा ती जवळजवळ तशीच झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सशस्त्र तुकड्यांनी सरहद्दीवरील करोडगिरी नाक्यांवर हल्ले केले ते उगीच नव्हे. संस्थानी सत्तेचे गावकऱ्यांना रोज भेटणारे रूप म्हणजे तो नाका होता.

पुणे आणि नाशिक ही तांब्या-पितळेच्या घडणीची मोठी ठिकाणे या हद्दीच्या पलीकडे होती. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याची भांडी ठोकून घडवली जात आणि नाशिकची भांडी तीर्थयात्रेहून परतणाऱ्यांच्या गाठोड्यांतूनही प्रवास करीत. पलीकडच्या मुलखातून मराठवाड्यात येणारा हंडा जकात भरून आणि चलन बदलून येत असला, तरी घेणाऱ्या बाईच्या दृष्टीने त्याच्या भरवशाला बाधा येत नसे. आणि याचे कारण त्या काळच्या माणसांचा प्रामाणिकपणा हे नसून भांड्याच्या किमतीची रचना हे होते.

धातूच्या भांड्याची किंमत दोन भागांची असे. पहिला भाग म्हणजे धातूचे वजन आणि त्या दिवसाचा भाव यांचा गुणाकार; दुसरा भाग घडणावळ, म्हणजे पत्रा ठोकणे, जोड देणे, काठ वळवणे यांची मजुरी. भांडे फुटले, चेपले किंवा नकोसे झाले की ते मोड म्हणून परत देता येई. मोडीचा भाव नव्या धातूपेक्षा काहीसा कमी लागे, घडणावळ बुडे, पण धातूची किंमत बव्हंशी हाती येई. त्यामुळे तराजू असलेल्या कोणत्याही गावात, कोणत्याही कासाराकडे, कोणत्याही राज्यात त्या हंड्याची किंमत ठरत असे, आणि तो मूळ कोणी विकला हे विचारण्याचे कारण नसे. दुष्काळात दागिन्यांनंतर सावकाराकडे भांडी जात, ती याच गुणामुळे. भांड्यावर कोरलेले नाव, बहुधा लग्नात देणाऱ्याचे किंवा घरधन्याचे, मालकीची खूण होते; गुणवत्तेची साक्ष धातू स्वतः देई. कल्हई उडाली तर कल्हईवाला दारात येई आणि त्याला भांडे कोठून आले याच्याशी कर्तव्य नसे. आजच्या भाषेत सांगायचे तर हमी आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी विक्रेत्यापासून सुट्या होत्या.

स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम आल्यावर ही रचना सैल झाली. स्टील झिजत नाही, कल्हई मागत नाही, चिंचेच्या आमटीला दाद देत नाही. पण त्याची मोड क्षुल्लक किमतीत जाते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या व उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या जोडप्यांच्या बिऱ्हाडात ॲल्युमिनियमची डेचकी आणि कढई असते, ती हलकी आणि स्वस्त म्हणून. भांडे ही ठेव राहिली नाही, वापराची वस्तू झाली. या बदलाची चर्चा बहुधा सोय आणि स्वच्छता यांच्या अंगाने होते. तारण ठेवण्याजोगी, बाईच्या हाताखालची एक मालमत्ता घरातून नाहीशी झाली, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

याच काळात दारोदारचा दुसरा व्यापार फोफावला. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी बोहारीण महाराष्ट्रातील शहरी-निमशहरी घरांना चांगली परिचित आहे. तिच्या व्यवहारात छापील किंमत नसते; जरीच्या साडीला पातेले, दोन पँटींना वाटी अशी घासाघीस उंबऱ्यावर चालते आणि दोन्ही बाजू आपण जिंकलो असे समजून उठतात. मानववंशशास्त्रज्ञ ल्युसी नॉरिस यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उत्तर भारतातील अशा भांडीवाल्यांच्या व्यवहाराचा माग काढला आहे. त्यांच्या अभ्यासातून दिसते ते असे की घरातून निघालेला कपडा घाऊक बाजारात वर्गवारी होऊन पुढे जातो आणि त्यातील रेशमी साड्यांचा काही भाग पिशव्या, उशांचे अभ्रे व पोशाख होऊन परदेशी ग्राहकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे उंबऱ्यावरच्या या थेट विक्रीला आंतरराष्ट्रीय सीमा आहे, पण ती भांडे ओलांडत नाही, त्याचे मोल म्हणून दिलेली साडी ओलांडते. भांड्याबद्दलची तक्रार पुढच्या फेरीला बोहारणीलाच ऐकावी लागते, आणि तिला पुन्हा त्याच गल्लीत यायचे असल्याने ती ऐकूनही घेते.

आधुनिक कंपन्यांच्या थेट विक्रीने हा भरवसा वेगळ्या पायावर उभा केला. अमेरिकेतील अर्ल टपर यांनी १९४६ साली हवाबंद झाकणाचे प्लास्टिकचे डबे बाजारात आणले, परंतु झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे कोणी करून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळत नसे आणि दुकानात डबे पडून राहत. ब्राउनी वाइज या विक्रेतीने घरगुती मेळाव्यांतून ते विकून दाखवले. १९५१ साली टपर यांच्या टपरवेअर कंपनीने दुकानांतील विक्री बंद करून हीच पद्धत स्वीकारली आणि वाइज यांच्याकडे ती सोपवली. १९५४ साली ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकलेल्या या बाईंना १९५८ साली कंपनीतून काढण्यात आले. समाजशास्त्रज्ञ निकोल बिगार्ट यांनी १९८९च्या आपल्या ग्रंथात या व्यवसायाचे मर्म नेमके पकडले आहे: इतर संस्था नातेसंबंधांना कामाच्या जागेबाहेर ठेवू पाहतात, तर थेट विक्रीच्या कंपन्या नात्यांनाच विक्रीचा मार्ग करतात.

टपरवेअर १९९६ साली भारतात आली तेव्हा महाराष्ट्रातील बायकांना अशा मेळाव्याची ओळख करून देण्याची फारशी गरज नव्हती. भिशीचे गट होते, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून डबी, गाळणी, चमचा लुटण्याची रीत होती. फरक इतकाच की हळदीकुंकवात वस्तू देणारीच्या पदरच्या खर्चाने हिंडते आणि मेळाव्यात ती घेणारीच्या. नाही म्हणण्याचा संकोच दोन्हीकडे सारखाच असतो, आणि कंपनीचा व्यवसाय बऱ्याच अंशी या संकोचावर चालतो, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

या विक्रीत किमतीचे वजनाशी असलेले नाते तुटते. डब्याच्या किमतीत माल, कंपनीचा नफा आणि विक्रेतीपासून वरच्या पायऱ्यांपर्यंतचे कमिशन असते; मोड शून्य असते; त्या जागी येते ती हमी, म्हणजे झाकण तडकले तर बदलून देण्याचे कंपनीचे वचन. तांब्याच्या हंड्याची किंमत हंड्यातच असते, डब्याची मोठ्या प्रमाणावर त्याच्याबरोबरच्या वचनात असते, आणि वचन देणारा कोणत्या देशात आहे याला येथे प्रथमच महत्त्व येते. अशा कंपन्या सहसा देशागणिक वेगळी संस्था, वेगळी किंमत आणि वेगळी विक्रेत्यांची साखळी ठेवतात. विक्रेतीला परवानगी असते ती तिच्या देशातील विक्रीची. न्यू जर्सीतील मराठी विक्रेतीने बीड जिल्ह्यातील मावशीला संच विकला, तर मावशीच्या हाती वस्तू येते, पण भारतातील कंपनीच्या वहीत ती विक्री नोंदलेलीच नसते. विजेवर चालणारे उपकरण असेल तर अडचण अधिक उघड होते, कारण अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झचा पुरवठा आहे आणि भारतात २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झचा.

भारतीय कायद्याने ही पोकळी काही अंशी भरण्याचा प्रयत्न केला आहे. २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेले ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम भारतात स्थापन न झालेल्या, पण भारतातील ग्राहकांना माल देऊ करणाऱ्या कंपनीलाही लागू होतात. भारतात किमान एक नोंदणीकृत कार्यालय असावे, तक्रार निवारण अधिकारी नेमावा, विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि पूर्वपरवानगीशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, आणि विक्रेत्यांनी केलेल्या विक्रीतून उद्भवणाऱ्या तक्रारींची जबाबदारी कंपनीवर राहावी, असे ते सांगतात. नवे सभासद गोळा करण्यावर पैसा मिळवून देणाऱ्या पिरॅमिड योजनांना त्यांनी मनाई केली आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जागेच्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिल्यामुळे वडवणीच्या ग्राहकाला मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही, बीड पुरते. हा हक्क मोठा आहे, पण तो कंपनीच्या अधिकृत विक्रीलाच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. नातलगाने परदेशात स्वतःच्या नावाने घेऊन पाठवलेल्या वस्तूच्या बाबतीत खरेदीदार परदेशात असतो, विक्रेता परदेशात असतो आणि वडवणीत असतो तो केवळ वापरणारा.

शिवाय वाटेत सीमाशुल्क असते. टपालाने वा कुरिअरने येणाऱ्या ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना पूर्वी सूट होती. तिचा आडोसा घेऊन ऑनलाइन खरेदी ‘भेट’ म्हणून येऊ लागल्याने १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने ती काढण्यात आली आणि जीवरक्षक औषधे व राखी यांचे अपवाद ठेवण्यात आले. विक्रीसाठी आणलेल्या मालाला याखेरीज भारतीय मानक ब्युरोची अट लागते: घरगुती प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून मानक चिन्ह सक्तीचे आहे, आणि स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी तसा आदेश १४ मार्च २०२४ रोजी निघाला. सीमेवर पूर्वी किमतीचे पाच टक्के मागितले जात. आता किमतीखेरीज कागद मागितला जातो, आणि सुटकेसमधून संच आणणाऱ्या विक्रेतीकडे नेमका तोच नसतो.

कंपनीच्या वचनाचे आयुष्य किती, हे १७ सप्टेंबर २०२४ रोजी दिसले. टपरवेअरच्या अमेरिकी मूळ कंपनीने त्या दिवशी दिवाळखोरी संरक्षणासाठी न्यायालयात अर्ज केल्याचे जाहीर झाले. पुढे तिची मालमत्ता तिच्या धनकोंकडे गेली आणि ब्रँड काही निवडक देशांत चालू राहिला. ज्या देशांतून नवी कंपनी निघून जाईल तेथील ‘आजन्म’ हमीचे काय, हा प्रश्न ग्राहकाच्या कपाटात तसाच राहतो.

उलट दिशेचा प्रवाहही पाहण्यासारखा आहे. परदेशातील मराठी कुटुंबांना तांब्याचे तांबे, पितळी समया, पुरणयंत्रे लागतात आणि ती पुरवणाऱ्या गृहउद्योगांची विक्रीही ओळखीवरच चालते. डिसेंबर २०२२ पासून उघडलेल्या डाकघर निर्यात केंद्रांमुळे लहान गावच्या विक्रेत्यालाही टपाल कार्यालयातून निर्यातीचे कागद करता येऊ लागले. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना जकातमाफी असल्याने हा व्यापार सोपा होता. ती माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवली गेली आणि त्याच सुमारास भारतीय टपाल खात्याने अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले घेणे बंद केले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळी तोंडावर असताना, ही सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा पाठवणाऱ्याने जकात इथेच आगाऊ भरायची अशी व्यवस्था लागू झाली होती. म्हणजे अमेरिकेला तांब्या पाठवणाऱ्या विक्रेत्याला धातूचा भाव आणि घडणावळ यांच्या बरोबरीने तिसरा आकडाही मांडावा लागतो, आणि हा तिसरा आकडा कोणत्याही मोडीत परत मिळत नाही.