ओमोलमधल्या दोघी

१९९८च्या ऑक्टोबरात स्वीडनमधल्या थिएटरांत एक कमी खर्चाचा, खरखरीत दाणेदार चित्रांचा सिनेमा लागला. दिग्दर्शक लुकास मूडीसन २९ वर्षांचा, तोवर कवी म्हणून माहीत असलेला. पूर्ण लांबीचा हा त्याचा पहिलाच सिनेमा. अलेक्सांद्रा डालस्त्रोम आणि रेबेका लिल्येबेरी या दोन मुली मुख्य भूमिकांत, आणि त्यांना तोवर फारसं कोणी ओळखत नव्हतं. विषय काय, तर शाळकरी वयातल्या एका मुलीचं दुसऱ्या मुलीवर बसलेलं प्रेम. त्या वर्षी तिथेही ‘टायटॅनिक’चा धुमाकूळ चालू होता. तरीही या सिनेमाची ८ लाखांहून अधिक तिकिटं खपली. देशाची लोकसंख्या तेव्हा ८८ लाखांच्या आसपास होती. ढोबळ हिशेबानं दर दहा-अकरा माणसांमागे एक तिकीट.

सिनेमाचं मूळ नाव ‘फकिंग ओमोल’. दिवाळी अंकात ते छापताना हात थोडा अडखळतो, पण नाइलाज आहे. ओमोल हे पश्चिम स्वीडनमधलं, व्हेनर्न या प्रचंड सरोवराच्या काठावरचं छोटंसं गाव. सिनेमातली एलिन तिथे कंटाळून, कावून गेलेली. एका प्रसंगात ती मासिक चाळत असते. रेव्ह पार्ट्यांची फॅशन आता संपली, असं त्यात छापलेलं असतं, आणि एलिनचा तोल सुटतो. जी गोष्ट या गावात अजून पोचलीच नाही, ती बाहेरच्या जगात जुनीसुद्धा झाली! त्या संतापात ती गावाच्या नावाला शिवी जोडते. तरुण प्रेक्षकांना चटकन आपलासा वाटावा असा हा प्रसंग. त्याचा प्रेमाशी काहीच संबंध नाही, आणि मला वाटतं, सिनेमाच्या यशाची किल्ली तिथेच आहे. मुलीनं मुलीवर प्रेम करणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनाही शनिवारी संध्याकाळी करायला काहीच नसणं म्हणजे काय, हे पुरेपूर माहीत होतं. आधी तो कंटाळा ओळखीचा वाटला, मग त्याच वाटेनं प्रेमही ओळखीचं झालं.

दुसरी मुलगी ॲग्नेस, तिचा एलिनवर जीव जडलेला. गावात येऊन तिला दीड-दोन वर्षं झाली, पण मैत्रीण नाही. तिचा सोळावा वाढदिवस येतो. तिला नको असताना आई पार्टी ठरवते, टेबल मांडते, आणि एकटी व्हिक्टोरिया सोडली तर कोणी येत नाही. व्हिक्टोरिया व्हीलचेअरवर असते. ती भेटवस्तू घेऊन आलेली, आणि ॲग्नेस तिच्या अपंगत्वावरून तिला असं काही बोलते की पाहणारा आक्रसून जातो. घरात आई, वडील, धाकटा भाऊ, आणि मधोमध न खाल्लेले पदार्थ. एरवी अशा कथेत सोसणारी मुलगी गुणी दाखवण्याचा मोह कोणालाही होईल. मूडीसननं तो टाळला. अन्याय सहन करणारी ॲग्नेस संधी मिळताच आपल्याहून दुबळ्या मुलीवर तसाच अन्याय करते. प्रेक्षक तिच्यावर रागावतात, आणि नंतर तिच्यासाठी जीव टांगणीला लावतात. कीव आली असती, तर असं झालं नसतं.

एलिन त्याच पार्टीला बहिणीबरोबर उशिरा टपकते, ती केवळ मजा म्हणून. पैजेवर ती ॲग्नेसचं चुंबन घेते, आणि दोघी बहिणी खिदळत पळतात. पुढे एलिनला लाज वाटते, ती माफी मागायला परतते, आणि गोष्टीला खरी सुरुवात होते.

मोठ्या माणसांना मात्र या सिनेमात वेगळंच काहीतरी बोचलं असावं. ॲग्नेसचे वडील समजूतदार आहेत. ते तिला धीर देतात की, पंचवीस वर्षांनी हे सगळं क्षुल्लक वाटेल. तिचं म्हणणं असं की, पंचवीस वर्षांनी नाही, सुखी व्हायचंय ते आत्ता. वडिलांकडे यावर उत्तर नसतं. आईचं आणखी वाईट: ती मुलीच्या कॉम्प्युटरवरची डायरी चोरून वाचते. आई-बाप दुष्ट नाहीत, फक्त तोकडे आहेत.

आता शेवटाबद्दल. स्त्रियांच्या आपसातल्या प्रेमाच्या कथांना मरणानं संपण्याची जुनी खोड आहे. हॉलिवूडच्या ‘द चिल्ड्रन्स अवर’मध्ये (१९६१) शिक्षिका गळफास घेते. पद्मराजन यांच्या मल्याळम ‘देशाटनक्किळि करयारिल्ला’मध्ये (१९८६) शाळेतून पळालेल्या दोन मैत्रिणी शेवटी जीव देतात. आपल्याकडे विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ १९८१मध्ये रंगभूमीवर आणली, तीही धाडसानं; पण त्यातली नायिका मित्रासुद्धा वाचत नाही. अशा कथांवर पोसलेल्या प्रेक्षकांनी, विशेषतः मुलींवर प्रेम करणाऱ्या मुलींनी, ‘ओमोल’चा शेवट पाहिला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. शाळेच्या टॉयलेटमध्ये दोघी अडकलेल्या, बाहेर आख्खी शाळा दार बडवतेय, आत एलिनबरोबर कोण मुलगा आहे हे बघायला. दार उघडतं, दोघी बाहेर येतात, एलिन सरळ सांगून टाकते, आणि दोघी गर्दीतून चालत्या होतात. शेवटच्या दृश्यात त्या चॉकलेट घातलेलं दूध पीत गप्पा मारतात. एलिनची तक्रार अशी की चॉकलेट जास्त पडलं म्हणून दूध घालावं, तर चॉकलेट कमी पडतं, आणि ग्लास भरतच जातो. बस्स. कोणी मरत नाही.

बक्षिसांचं थोडक्यात: स्वीडनचे चार गुलबागे पुरस्कार, त्यात अभिनयाचा दोघींना मिळून, आणि १९९९च्या बर्लिन महोत्सवात समलिंगी विषयांवरच्या सिनेमांना दिला जाणारा टेडी पुरस्कार. ज्येष्ठ दिग्दर्शक इंगमार बर्गमननंही मनापासून कौतुक केलं. २००५मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं मुलांनी चौदाव्या वर्षापर्यंत पाहायलाच हवेत अशा सिनेमांची यादी काढली, तेव्हा पहिल्या दहांत ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘ई.टी.’बरोबर हाही होता. इंग्रजी मुलखात मूळ नाव चालणार नव्हतं, म्हणून तो ‘शो मी लव्ह’ झाला. ते नाव शेवटी वाजणाऱ्या, रॉबिन या गायिकेच्या गाण्यावरून आलं.

यावरून स्वीडन म्हणजे सगळा आनंदीआनंद, असं समजू नये. समलिंगी संबंध तिथे १९४४पासून गुन्हा नव्हते, पण ‘आजार’ म्हणून त्यांची सरकारी नोंद १९७९पर्यंत होती, आणि लग्नाचा हक्क आला तो २००९मध्ये. सिनेमा लागला त्याच सुमारास येशूला समलिंगी लोकांमध्ये दाखवणाऱ्या ‘एक्के होमो’ या छायाचित्र-प्रदर्शनावरून देशात वादळ उठलं होतं.

आणि त्याच मोसमात आपल्याकडे ‘फायर’ होता. दीपा मेहतांचा हा सिनेमा नोव्हेंबर १९९८मध्ये भारतात लागला, पहिले काही आठवडे शांतपणे चालला, आणि २ डिसेंबरला मुंबईत शिवसेनेच्या महिला आघाडीनं थिएटरांत तोडफोड केली. ‘फायर’मधल्या एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या जावा-जावा वयानं मोठ्या, त्यामुळे तुलना फार ताणू नये. पण दोन्हीकडे नावही खटकलं. इथे नायिकेचं नाव सीता होतं (हिंदी आवृत्तीत आधीच नीता केलेलं), आणि तिथे गावाचं. फरक पुढे पडला. दिल्लीत रीगल थिएटरसमोर मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांत काहींच्या हातात आपण भारतीय आहोत आणि लेस्बियनही, असे फलक होते. सिनेमा पाहून घरी न जाता फुटपाथवर येणं, हीसुद्धा प्रेक्षकांची प्रतिक्रियाच. सेन्सॉरकडे पुन्हा गेलेला ‘फायर’ फेब्रुवारी १९९९मध्ये काटछाट न होता परत आला.

ओमोलकरांचं काय झालं? सिनेमाचं नाव बदललं जावं म्हणून तिथल्या पुढाऱ्यांनी बरीच खटपट केली, कोणी दाद दिली नाही. मग हवा पाहून गावानं पवित्रा बदलला: फुकट मिळालेली प्रसिद्धी वापरायची ठरवली, आणि पुढच्या दशकात तरुणांसाठी पॉप संगीताचा महोत्सव सुरू केला, तोही त्याच शिवीसकट. गंमत अशी, की सिनेमाचं चित्रीकरण बहुतेक ट्रोलहेत्तानला झालं, तेव्हा साब मोटारींचा कारखाना असलेल्या गावात. त्या गावाला नंतर ‘ट्रोलीवूड’ म्हणायला लागले, लार्स फॉन ट्रिएरसारखे दिग्दर्शक तिथे येऊ लागले. म्हणजे ॲग्नेस-एलिनची शाळा शोधत कोणी हौशी ओमोलला उतरलाच, तर त्याला पुढची गाडी पकडावी लागेल.